आरशातली खोली

तिला सगळे भागूबाई म्हणायचे. खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते पासपोर्टवरच राहिलं. हे नाव ठेवलं सासूबाईंनी, तेही लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात. बाहेर जायला निघालेली नवी सून गॅस बंद केलाय की नाही ते बघायला जिन्यातून पुन्हा पुन्हा वर पळायला लागली, तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "अगं बाई गं! पोरानं भित्री भागूबाई आणलीय घरात!" झालं. नवऱ्यापासून ऑफिसातल्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

तिला कशाची भीती वाटते हे विचारण्यात अर्थ नव्हता. कशाची नाही ते विचारा. ओली फरशी, सरकता जिना, पायात अडकणारं पायपुसणं, टेबलाच्या कडेला ठेवलेला पेला. घरात कुणी अंघोळीला गेलं आणि पाण्याचा आवाज थांबला, की ही दाराला कान लावून उभी. नवरा आतून ओरडायचा, "जिवंत आहे! डोक्याला साबण लावतोय!" मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तसं होतं तिचं. तिच्या मनाला वैऱ्याची गरजच नव्हती.

सासूबाई याच्या बरोबर उलट. जन्मभर शाळेत खेळाच्या बाई होत्या. गळ्यात शिट्टी, आवाज मैदानापलीकडे जाणारा, आणि पंच्याहत्तरी उलटली तरी स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसणाऱ्या. खाली सून दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी असायची आणि वरून सासूबाई म्हणायच्या, "सोड गं ते. तुझ्या थरथरीनंच पडेन मी."

आता गंमत बघा. अशा या घाबरट बाईला काम मिळालं ते हॉस्पिटलच्या खोल्या आखायचं. आणि त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. धीट माणूस खोली आखायला बसला की त्याला भिंती दिसतात, खिडकी दिसते, पडद्याचा रंग दिसतो. भागूबाईला आधी त्या खोलीत पडणारा माणूस दिसायचा. कुठे पाय घसरेल, कुठे चाकाची खुर्ची अडेल, रात्री चष्म्याशिवाय उठलेला म्हातारा कुठल्या कोपऱ्यावर डोकं आपटेल, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर आपोआप घडायचं. मग ती कोपरे गोल करायची, उंबरठे काढून टाकायची, बाथरूमचं दार सरकतं करायची, म्हणजे आत कुणी दाराला टेकून पडलं तरी ते उघडेल. कडीला बाहेरून खाच ठेवायची, किल्लीचं टोक घालून फिरवलं की कडी निघाली. छतावरचे दिवे ती नेहमी बाजूला सरकवायची. "जो उताणा पडलाय त्याच्या डोळ्यांत कशाला खुपसायचा उजेड?" म्हणायची.

आणि तिची एक रीत होती. खोली तयार झाली की ती त्यात पेशंट होऊन झोपून बघायची. नुसतं गादीवर अंग टाकून नाही हं. डोळ्यांवर व्हॅसलीन फासलेला चष्मा, बुटांत खडे, आणि डावा हात स्कार्फनं अंगाशी घट्ट बांधलेला. अशा अवतारात कॉटवरून उठायचं, भिंतीची दांडी धरत बाथरूमला जायचं, कमोडवर बसायचं, उठायचं, अडलं तर दोरी ओढून बेल वाजवायची. कामगार तोंडावर हात ठेवून हसायचे. हसू देत. ती झोपून आल्याशिवाय ऑफिसातून खोली ताब्यात दिली जात नसे. "भागूबाई झोपली का?" एवढंच विचारायचे सगळे. झोपली म्हटलं की काम फत्ते.

हात मात्र कायम डावाच बांधायची. उजव्या हातात मोजायची टेप धरायची असते ना! एवढं साधं कारण. त्यात काही चुकतंय असं तिलाही कधी वाटलं नाही, दुसऱ्या कुणालाही नाही.

मग गावातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या नव्या मजल्याचं काम आलं. असल्या खोल्या जोडीनं बांधतात. दोन बाथरूमच्या मध्ये एकच भिंत आणि पाण्याचे सगळे पाइप त्या भिंतीत. म्हणून एक खोली नीट आखायची आणि शेजारची तिचीच प्रतिमा, आरशात दिसावी तशी. पहिलीत कॉट खिडकीच्या उजवीकडे, तर दुसरीत डावीकडे. पहिलीत कमोडवर बसलं की आधाराची दांडी आणि बेलची दोरी उजव्या हाताला, तर दुसरीत डाव्या. भागूबाई पहिलीत झोपली. दांडी छान हाताला आली, दोरी ओढली, बेल वाजली. ती दुसरीकडे वळली, तेव्हा दारात तिच्या ऑफिसातले मोठे साहेब घड्याळाकडे बघत उभे होते. खाली उद्घाटनाला माणसं जमली होती.

"अहो, तीच खोली आहे," साहेब म्हणाले. "आरशात बघितलं म्हणून चेहरा बदलतो का?"

ती हसली. खडे काढून बूट झटकले. भाषणं झाली, तिला फुलांचा गुच्छ मिळाला आणि त्या रात्री तिला गाढ झोप लागली. उभ्या आयुष्यात ती एकदाच घाबरली नाही, ती त्या दिवशी.

वर्ष झालं असेल नसेल. एका सकाळी सासूबाईंच्या हातातून चहाचा कप सुटला. त्या वाकून बघायला लागल्या आणि तशाच एका अंगावर कलंडल्या. डावा हात गेला, डावा पाय गेला, तोंड वाकडं झालं. अँब्युलन्समध्ये भागूबाई रडत होती, आणि वाकड्या तोंडानं सासूबाई तिलाच सांगत होत्या, "रडू नकोस. माझं मीच बघते." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

आयसीयूमधून बाहेर काढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, जीव वाचलाय, आता जपायचं ते पडण्यापासून. रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत. डोक्यावर पडल्या तर आत रक्तस्राव होईल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. हे वाक्य नवऱ्यानं ऐकलं आणि मान डोलावली. भागूबाईनं ते मनात दहादा घोकलं. आपण आखलेल्या मजल्यावरच खोली मिळतेय, हाच काय तो धीर होता.

वॉर्डातल्या मावशींनी चाकाची खुर्ची ढकलत दार उघडलं. भागूबाई मागून आत शिरली. कॉट खिडकीच्या डावीकडे होती.

ती तडक बाथरूममध्ये गेली. दांडी डावीकडे, दोरी डावीकडे. सासूबाईंचा जो हात मेला होता, नेमका त्या बाजूला. उजवी बाजू मोकळी, चाकाची खुर्ची कमोडला लावता यावी म्हणून तिनंच मोकळी ठेवलेली. समोरच्या भिंतीवर तिनंच निवडलेल्या ठळक अक्षरांची पाटी: मदत हवी असल्यास दोरी ओढा.

ती धावत सिस्टरच्या टेबलापाशी गेली. "सिस्टर, खोली बदलून द्या. शेजारची द्या. कुठलीही द्या, पण दुसऱ्या बाजूची."

"दुसऱ्या बाजूची म्हणजे?" सिस्टरला कळेना. कसं कळणार? कुठली खोली कुठल्या हाताची हे भागूबाईनं कुणाला कधी सांगितलंच नव्हतं. कळल्यावर सिस्टर बिचारी हळहळली, पण सगळ्या भरलेल्या. "उद्या एक रिकामी होतेय, देते मी. तोवर त्यांना एकटीनं उठू देऊ नका, एवढंच."

एवढंच! सासूबाईंना एकटीनं उठू द्यायचं नाही म्हणजे वाऱ्याला बांधून ठेवायचं.

खोलीत परत आली तर मावशी उशी सारखी करत होत्या आणि सासूबाई त्यांना सांगत होत्या. शब्द जड पडत होते, लाळ ओघळत होती, पण सांगत होत्या. "ही खोली कुणी केली माहितेय? माझ्या सुनेनं. आधी स्वतः इथे झोपून गेलीय ती. हात बांधून, खडे घालून. म्हणून मला नाही भीती."

इतक्या वर्षांत सासूबाईंच्या तोंडून कौतुकाचा हा पहिला शब्द. घाबरटपणाचं कौतुक! मावशींनी भागूबाईकडे आदरानं बघितलं. तिनं तोंड उघडलं. आई, या खोलीत मी झोपले नाहीये, एवढंच म्हणायचं होतं. पण सासूबाईंचा तो अर्धा चेहरा फुलला होता, आणि तिला वाटलं, आत्ता सांगितलं तर हा आधारही जायचा. उद्या खोली बदलली की सांगू. ती गप्प बसली, आणि बसली ती कॉटला खेटूनच.

दुपारपर्यंत तिनं जागा सोडली नाही. सासूबाईंनी पाय हलवला की ही उभी. शेवटी सासूबाई वैतागल्या. "डोळ्यांत तेल घालून काय बघतेस? मी काय दूध आहे उतू जायला?" मग हळूच म्हणाल्या, "मला जायचंय. मावशींना बोलाव. तू नकोस."

"मी असते ना, आई."

"सुनेसमोर? मेले तरी चालेल."

मावशींनी नेऊन आणलं. भागूबाई बंद दाराबाहेर नखं खात उभी राहिली. काही झालं नाही. तिला वाटलं, दिवस निभावेल.

तेवढ्यात सिस्टर आली. एक इंजेक्शन खालच्या मेडिकलमधून तातडीनं आणायचं होतं. नवरा कपडे आणायला घरी गेलेला. भागूबाईनं मावशींचे दोन्ही हात धरले. "मावशी, मी येईपर्यंत हलायचं नाही. त्यांनी हाकललं तरी नाही."

"जा हो निर्धास्त," मावशी म्हणाल्या. निर्धास्त! भागूबाई लिफ्टला घाबरायची, त्या दिवशी लिफ्टनं गेली. मेडिकलपुढे रांग होती. तिनं लोकांना कोपरं मारली, शिव्या खाल्ल्या, इंजेक्शन घेतलं. वर यायला लिफ्ट येईना म्हणून जिना चढली. डोळ्यांसमोर एकच चित्र. ती मनाला बजावत होती, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, वेडे, काही झालेलं नसणार.

खोलीत कॉट रिकामी होती. मावशी नव्हत्या. शेजारच्या खोलीतली बेल वाजत होती. बाथरूमचं दार बंद होतं.

"आई?"

उत्तर नाही. पाण्याचा आवाज नाही. कसलाच आवाज नाही.

"आई, ओ द्या हो!"

दार ओढलं की आपोआप पडणारी कडी आतून पडली होती. खाचेत घराची किल्ली घातली, ती दोनदा निसटली. कडी फिरली. तिनं दार सगळा जीव एकवटून डावीकडे ढकललं. हलेना. पुन्हा ढकललं. अडकलं! रूळ जाम झालाय असं वाटून ती किंचाळली, "सिस्टर! दार अडकलंय!" आणि मग तिच्या ध्यानात आलं. ही आरशातली खोली. इथे दार उजवीकडे सरकतं. स्वतः आखलेलं दार तिला उघडता येत नव्हतं.

दार उघडलं. सासूबाई कमोडवरच होत्या, पण डाव्या अंगावर पार कलंडलेल्या. गाल दांडीवर दाबला गेला होता. डावा हात खाली नुसता लोंबत होता. उजव्या हातानं त्यांनी कमोडची कड घट्ट पकडली होती, बोटं पांढरी पडली होती. तो हात सोडला असता तर थेट खाली, डोक्यावर. दोरी त्यांच्या कानाशी हलत होती. डोळे उघडे होते, समोरच्या पाटीवर.

भागूबाईनं त्यांना कवेत घेतलं आणि सोडलं नाही. सिस्टर धावत आली, मावशी आल्या, सगळ्यांनी मिळून उचललं. मावशी रडत होत्या. "कमोडवर बसवलं, तर त्यांनीच पाठवलं हो मला! म्हणाल्या, शेजारी बेल वाजतेय, तू जा. ही खोली माझ्या सुनेनं झोपून बघितलीय, मला काही होत नाही." डॉक्टर आले, डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, डोक्याचा फोटो काढायला नेलं. तो येईपर्यंत भागूबाई भिंतीला टेकून उभी होती आणि तिला वाटत होतं, आता आपल्याला उभ्या जन्मात पुन्हा एकही रेघ मारता यायची नाही. फोटोत काही निघालं नाही. गालावर निळा वळ आणि खांद्याला मुका मार, एवढ्यावर निभावलं.

सासूबाई मात्र गप्प झाल्या. नवऱ्यानं हसवायचा प्रयत्न केला, सिस्टरनं चेष्टा केली, त्या बोलेनात. छताकडे बघत पडून राहिल्या. भागूबाईनं ही बाई कधी गप्प बघितली नव्हती, आणि तिला त्या गप्प बसण्याचीच भीती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी शेजारची खोली रिकामी झाली. सिस्टर न्यायला आली तेव्हा सासूबाईंनी उजवा हात वर केला, मैदानावर करायच्या तसा. "थांबा. मला खुर्चीत बसवा. आणि सगळे बाहेर जा. भागूबाई राहील."

सगळे गेले. सासूबाई सुनेकडे वळल्या.

"इथे नव्हती झोपलीस ना?"

भागूबाईनं नाही म्हणून मान हलवली.

"वाटलंच मला. तिथे बसल्या बसल्या वाटलं. ही इथे बसली असती तर दोरी तिथे ठेवली नसती." त्यांनी बाथरूमकडे बोट केलं. "जा. स्कार्फ बांध. डावा."

तिनं गळ्यातला स्कार्फ सोडून डावा हात बांधला. कमोडचं झाकण पाडून त्यावर बसली. सासूबाईंनी एका हातानं चाक रेटत, वाकडी तिकडी करत खुर्ची दारात आणली.

"आता पड. मी पडले तशी."

"आई..."

"पड."

आयुष्यभर जिनं पडण्यापासून जगाला वाचवायचा ध्यास घेतला, तिनं अंग डावीकडे सोडून दिलं. गार दांडी गालाला लागली. बांधलेला हात सुटायला धडपडला. उजव्या हातानं तिनं कड धरली आणि तिला कळलं की आता हा हात तिचा राहिलेला नाही, तो फक्त पकडून ठेवण्यापुरता आहे.

"काय दिसतंय?"

"पाटी."

"दोरी कुठाय?"

"कानाशी."

"ओढ मग."

"हात सोडला तर पडेन, आई!"

ती रडत होती. सासूबाईंनी चाक रेटलं. चाकाच्या खुर्चीसाठी मोकळी ठेवलेली ती उजवी बाजू, तिथे त्या येऊन भिडल्या आणि त्यांनी आपल्या धड हातानं सुनेचा दंड पकडला. पकड अजून खेळाच्या बाईंचीच होती.

"भीती वाटतेय?"

"खूप."

"मलाही वाटली गं," सासूबाई म्हणाल्या. वाकड्या तोंडाच्या कडेनं पाणी ओघळत होतं, डोळ्यांतलं की कुठलं ते कळत नव्हतं. "कधी वाटली नव्हती. ओरडायला गेले तर बोबडीच वळली. तू रोज अशी जगतेस?"

"सवय झालीय," ती म्हणाली.

"मोडू नकोस ती." त्यांनी तिला ओढून सरळ बसवलं. "या मजल्यावर अशा किती खोल्या आहेत, सगळ्यांत दोरी दोन्हीकडे लाव. दांडीपण. आणि शेजारी गेलो की उजवा हात बांधून बस तिथे. टेप मी धरीन."

भागूबाईनं दातांनी स्कार्फची गाठ सोडली आणि नाक पुसलं. "चला, आई. त्या खोलीत जाऊ."

"जाऊ. पण आधी मला जायचंय." सासूबाईंनी मान खाली घातली. "बसवून दे मला इथे."

तिनं झाकण उचललं, दोन्ही हात काखेत घालून त्यांना बसवलं आणि रीतीप्रमाणे बाहेर जायला वळली. दाराला हात घातला, या वेळी बरोबर बाजूला.

"ते राहू दे उघडं," सासूबाई मागून म्हणाल्या. "तू इथेच थांब."